हात ‘तयार’ होतो म्हणजे नेमके काय होते? नंदुरबारच्या मिरची पथारीवरचे एक प्रकरण

मिरचीचे देठ खुडायला नव्याने लागलेल्या बाईचा हात पहिल्या आठवड्यात पेटतो आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी शांत होतो. पथारीवर याला ‘हात तयार झाला’ म्हणतात. हा शब्द कौतुकाचा आहे, आणि तिथेच गफलत होते. तिखट कुठे गेलेले नसते, ते हातावर तेवढेच असते. चेतातंतूच्या टोकावरचे एक चॅनेल, म्हणजे प्रथिनाचे एक बारीक दार, उत्तर द्यायचे थांबलेले असते, एवढेच. ते का थांबते, किती थरांनी थांबते, आणि या शांततेचा चुकीचा अर्थ लावला की काय बिघडते, हे या प्रकरणातून पाहायचे आहे.

प्रकरणातल्या बाई म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे. पथारीवर हंगामात जे घडते त्याचा हा बांधलेला नमुना आहे. वय बत्तीस धरू, गाव सातपुड्याच्या पायथ्याचे, घरी दोन मुले, धाकटे दीड वर्षाचे. काम होळीच्या पाच आठवडे आधी धरलेले.

प्रसंग

नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची येते. व्यापारी ती शहराबाहेरच्या मोकळ्या जागांवर, म्हणजे पथाऱ्यांवर, वाळत घालतात. ओलाव्यानुसार तीन ते चार किलो ओल्या मिरचीची एक किलो वाळकी मिरची होते. मग बायका ओळीने बसून देठ खुडतात. चिमटीत देठ धरून मुरगळला की त्याच्याबरोबर हिरवट टोपी निघते आणि आतली पांढरी शीर वरच्या बाजूला फाटते. तिखटपणा त्या शिरेत असतो. बी तिखट लागते ते शिरेला चिकटून वाढल्यामुळे. म्हणजे देठ खुडणारीचा अंगठा आणि तर्जनी प्रत्येक मिरचीमागे एकदा थेट तिखटाच्या कोठारावर दाबली जातात. वाळकी मिरची साधारण एक ग्रॅमची धरली, तर दहा किलोच्या ढिगात असे दहा हजार दाब होतात.

आता मात्रा पाहू. स्कोव्हिल हे तिखटपणाचे एकक. मिरचीचे तिखट द्रव्य, म्हणजे कॅप्सायसिन, शुद्ध असले तर सुमारे १ कोटी ६० लाख स्कोव्हिल, आणि मध्यम तिखट मिरची ३० हजार स्कोव्हिल. भागाकार केला तर एका ग्रॅम मिरचीत साधारण दोन मिलिग्रॅम तिखट द्रव्य निघते. चेतापेशीवरचे चॅनेल अर्धेअधिक उघडायला लिटरमागे सुमारे पाव ते तृतीयांश मिलिग्रॅम पुरते. एका मिरचीतले सगळे द्रव्य विरघळले असे मानले, तर साधारण सहा ते आठ लिटर द्रव त्या पातळीला जाईल. बाईंच्या बोटांवर दिवसभर जे बसते ते याच्या कितीतरी पट आहे.

पहिल्या दिवशी काम करताना हाताला फारसे काही जाणवले नाही. नाक मात्र तासाभरात गळू लागले, शिंका आणि खोकला सुरू झाला. हाताची आग घरी गेल्यावर, दोन-तीन तासांनी उठली. तळव्यावर नव्हे, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडेला. तळव्याची कातडी जाड असल्याने द्रव्य तिच्यातून सावकाश उतरते. बेचक्यांची कातडी पातळ, तिथे ते आधी पोचते. बाईंनी दमून कोमट पाण्याने हात धुतले आणि आग भडकली. “हातनी आग व्हई र्‍हायनी,” म्हणत रात्री बराच वेळ त्या गार पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसल्या.

पाचव्या दिवसापर्यंत शिंका जवळजवळ गेल्या. बाराव्या दिवशी हात शांत. मुकादम म्हणाला, “मावशी, आता तुमचा हात तयार झाला,” आणि त्यांना जास्त तिखट वाणाच्या ढिगावर बसवले. पहिल्या रात्रीनंतर घालू लागलेले हातमोजे त्यांनी त्याच दिवशी काढून ठेवले.

सोळाव्या दिवशी उजव्या तर्जनीच्या नखाजवळची साल निघाली. त्या एका बोटाला पहिल्या दिवसासारखी आग, बाकी नऊ बोटे गप्प. विसाव्या दिवशी भाकरी उलटताना तव्याची कड अंगठ्याला लागली. ओढून घ्यायला उशीर झाला, रात्री फोड आला. त्याच संध्याकाळी धाकट्याने आईचा हात गालाला लावून घेतला आणि तासभर रडला. गाल लाल झाला होता. बाईंना स्वतःच्या हाताचे काहीच जाणवत नव्हते.

मग होळी आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी बारा दिवस गेले. परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी हात पुन्हा पेटला, अगदी पहिल्या दिवसासारखा.

‘चामडी जाड झाली’ हे उत्तर का पुरत नाही

पथारीवर दोन कारणे सांगितली जातात. एक, चामडी जाड होते. दुसरे, सवय लागते. पहिले थोडे खरे आहे, घर्षणाने घट्टे पडतात. पण शिंका पाचव्या दिवशी थांबल्या, आणि नाकात घट्टा पडत नाही. बारा दिवसांच्या सुट्टीने बेचक्यांतली कातडी उलटून पूर्वीसारखी पातळ झाली असेही कोणी म्हणणार नाही. दुसरे कारण नुसते नाव आहे. सवय कुठे लागते, मेंदूत, मज्जारज्जूत की बोटाच्या टोकावर? मेंदूला सवय लागली असती तर साल निघालेल्या तर्जनीची आगही त्याच मेंदूने दाबली असती. नऊ बोटे गप्प आणि एक बोलके, याचा अर्थ जे घडले ते बोटाबोटाच्या पातळीवर घडले आहे. मेंदूचा वाटा अजिबात नाही असे नाही, पण या प्रकरणात तो मुख्य नाही.

कातडीखालचे दार

कातडीच्या वरच्या थरात बारीक चेतातंतूंची टोके पसरलेली असतात. त्यांच्या आवरणात टीआरपीव्ही-१ नावाचे प्रथिन बसलेले असते. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ते शोधले. स्पर्श आणि तापमानाच्या संवेदनांवरील कामासाठी त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह २०२१ चे नोबेल मिळाले. माणसातले हे प्रथिन ८३९ अमिनो आम्लांचे आहे. अशी चार सारखी प्रथिने एकत्र येऊन मध्ये एक मार्ग तयार होतो.

ते तीन गोष्टींनी उघडते: सुमारे ४३ अंशांपुढची उष्णता, आम्ल आणि मिरचीचे द्रव्य. मेंदूला या तिन्हींतला फरक कळत नाही, त्याला एकच निरोप जातो: भाजते आहे. ‘तोंड भाजले’ हा आपला शब्द म्हणूनच शास्त्राच्या दृष्टीने चोख आहे. कॅप्सायसिन तेलात विरघळणारे असल्याने ते आवरणात शिरते आणि चॅनेलच्या आतल्या बाजूच्या एका कप्प्यात जाऊन बसते. ते तिथे बसले की उष्णतेची पायरीही खाली येते. एरवी ४३ अंशांना उघडणारे दार मग ३५-३६ अंशांच्या कोमट पाण्यानेही उघडते. पहिल्या रात्री कोमट पाणी भडक्याचे कारण झाले ते असे, आणि गार पाण्याने आराम पडला तोही याच कारणाने. गार पाणी तिखट धुऊन नेत नाही, दार बंद ठेवते. हात बादलीतून बाहेर काढला की दहा मिनिटांत आग परत येते.

पथारीच्या आजूबाजूच्या झाडांवरचे पोपट हीच मिरची मजेत खातात. त्यांचे चॅनेल थांबलेले नसते. पक्ष्यांचे टीआरपीव्ही-१ उष्णतेला उघडते, पण कॅप्सायसिनचा कप्पा वेगळ्या घडणीचा असल्याने तिखटाला मुळातच दाद देत नाही. बाईंच्या हाताचे प्रकरण निराळे आहे. तिथे दाद होती, मग ती गेली, मग परत आली.

दार स्वतःलाच कसे बंद करते

मार्ग उघडला की सोडियम आत येते, पण त्याहून जास्त ओढीने कॅल्शियम येते. कॅप्सायसिनने उघडलेल्या टीआरपीव्ही-१ मधून कॅल्शियमची वाट सोडियमच्या जवळजवळ दहा पट सुकर असते. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असते, त्यामुळे दार उघडताच ते लोटते. हेच कॅल्शियम आग लागल्याची खबर देते आणि हेच दार बंद करायला घेते.

प्रयोगशाळेत हे फार स्वच्छ दिसते. पेशीच्या भोवतीच्या द्रवात नेहमीएवढे कॅल्शियम ठेवून कॅप्सायसिन सोडले की विद्युतप्रवाह चढतो आणि अर्ध्या-एक मिनिटात ओसरतो, द्रव्य तिथेच असताना. धुऊन पुन्हा सोडले तर दुसरा प्रवाह पहिल्याच्या मानाने किरकोळ असतो. आता द्रवातून कॅल्शियम काढून तोच प्रयोग केला तर प्रवाह फारसा ओसरत नाही. एवढ्या एका फरकाने सवयीचा सिद्धांत बाजूला पडतो. ताटलीतल्या एकट्या पेशीला मेंदू नसतो.

बंद करण्याचे काम तीन हातांनी होते. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या छोट्या प्रथिनाला धरते, आणि ते जाऊन चॅनेलच्या आतल्या शेपटाला आणि डोक्याकडच्या भागाला चिकटते. दुसरीकडे कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम जागे होते आणि चॅनेलवर लावलेले फॉस्फेटचे गट काढून टाकते. हे गट चॅनेलला तयारीत ठेवणाऱ्या खुंट्यांसारखे असतात, काढले की चॅनेल सैल पडते. तिसरा मार्ग आवरणातल्या पीआयपी-२ या चरबीचा. चॅनेलला तिचा आधार लागतो. कॅल्शियम वाढले की ती कापणारे एन्झाइम कामाला लागते आणि आधार कमी होतो. ही चरबी पुन्हा तयार व्हायला मिनिटे लागतात, आणि त्यासाठी पेशीला एटीपी, म्हणजे तिचे इंधन, खर्चावे लागते.

इथे एक बारकावा आहे, आणि मुकादमाची चूक नेमकी त्याच जागी झाली. पीआयपी-२ कमी झाल्यावर चॅनेल मेलेले नसते, त्याचा उंबरठा वर सरकलेला असतो. पूर्वी ज्या मात्रेला ते उघडायचे तिला आता उघडत नाही, पण मात्रा पुरेशी वाढवली तर पुन्हा जोरात उघडते. म्हणजे मध्यम मिरचीवर गप्प झालेला हात जास्त तिखट वाणावर गप्प राहीलच असे नाही. उलट तोवर मोजे काढलेले असतात.

चार घड्याळे

थांबण्याचे थर वेगवेगळ्या वेगाने चालतात आणि वेगवेगळ्या वेगाने उलटतात. बाईंच्या पाच आठवड्यांचा हिशेब या घड्याळांशिवाय जुळत नाही.

पहिले घड्याळ सेकंदांचे आणि मिनिटांचे, वर सांगितलेले. ते जिभेवर कोणालाही अनुभवता येते. ठेचा-भाकरी खाताना घासामागून घास, मध्ये मिनिटभराचेही अंतर नाही, असे खाल्ले तर आग चढत जाते. दहा-पंधरा मिनिटे थांबून पुन्हा सुरू केले तर पुढचे घास बोथट लागतात. आणि न थांबता खात राहिले तर काही घासांनंतर आग पुन्हा चढते. जिभेवरच्या मोजमापांत हे तिन्ही टप्पे दिसले आहेत. विसावा घेतल्यावरच बोथटपणा येतो, ही गोष्ट सवयीच्या कल्पनेत कुठेच बसत नाही.

दुसरे घड्याळ तासांचे. तिखट दीर्घकाळ लागून राहिले की पेशी ते चॅनेल आवरणातून आत ओढून घेते आणि लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या मोडीच्या पिशवीत, नेऊन मोडून टाकते. आता दार बंद नाही, दारच भिंतीतून काढलेले आहे.

तिसरे घड्याळ दिवसांचे, आणि मला या प्रकरणातले हेच सगळ्यात महत्त्वाचे वाटते. बोटाच्या टोकावरच्या चेतातंतूचे पेशीशरीर बोटात नसते. ते मानेजवळ, मज्जारज्जूच्या बाजूच्या गाठीत असते. नवी प्रथिने मुख्यतः तिथे तयार होतात आणि तंतूच्या आतून वाहून टोकापर्यंत येतात. सर्वांत वेगवान वाहतूक दिवसाला सुमारे ४०० मिलिमीटर. मानेपासून बोटापर्यंत ८० सेंटिमीटर धरले तर उत्तम परिस्थितीत दोन दिवस. रोज सकाळी आठला तिखट पुन्हा लागत असेल तर आलेला नवा माल त्याच दिवशी मोडीत निघतो. साठा कधी भरतच नाही. आठवड्याची एक सुट्टी यात फार फरक पाडत नाही. होळीच्या बारा दिवसांत मात्र पुरवठा टोकापर्यंत पोचायला आणि साचायला भरपूर वेळ मिळाला, आणि परतलेल्या बाईंचा हात पहिल्या दिवसाच्या बाईसारखा झाला.

चौथे घड्याळ आठवड्यांचे आणि महिन्यांचे. फार मोठ्या मात्रेत तंतूचे टोकच कातडीच्या वरच्या थरातून मागे सरते. नागिणीच्या फोडांनंतर उरणाऱ्या वेदनेसाठी ८ टक्के कॅप्सायसिनची पट्टी वापरतात, अमेरिकेत तिला २००९ मध्ये मान्यता मिळाली. नागिणीच्या जागी ती एकदा ६० मिनिटे लावतात आणि तीन महिन्यांच्या आत पुन्हा लावत नाहीत. निरोगी कातडीवर लावून पाहिले तेव्हा आठवड्याभरात वरच्या थरातले तंतू सुमारे ८० टक्क्यांनी घटले आणि २४ आठवड्यांत जवळजवळ पूर्ववत झाले. पथारीवरच्या हाताला एवढी एकवट मात्रा सहसा बसत नाही, आणि बाईंची आग बारा दिवसांत परतली हेच सांगते की त्यांचा मामला तिसऱ्या घड्याळापाशी थांबला होता.

मिरचीने वेदना बोथट होते हे दाखवणारे सुरुवातीचे काम १९४० च्या दशकात हंगेरीच्या सेगेडमध्ये मिक्लोश यांचो यांनी केले. तोही मिरचीचाच मुलूख आहे.

एकच बोट का बोलत राहिले

साल निघालेल्या तर्जनीकडे परत येऊ. साल निघाल्यावर द्रव्याला अडवणारा थर गेला, त्यामुळे टोकांपर्यंत मात्रा जास्त पोचली. उंबरठा वर सरकला असला तरी एवढी मात्रा तो ओलांडते, हे अर्धे उत्तर झाले. पण जखमेत आणखी काही घडते. सुजलेल्या जागी ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लँडिन, चेतावाढीचा घटक अशी द्रव्ये जमतात आणि ती तंतूच्या आतली फॉस्फेट लावणारी एन्झाइमे चेतवतात. कॅल्सिन्युरिन खुंट्या काढत असते, ही एन्झाइमे परत ठोकत असतात. शिवाय सुजलेली जागा थोडी आम्ल असते आणि थोडी गरमही. चॅनेलची तिन्ही निमित्ते एकदम हजर. त्या बोटावर बंद करणारा हात हरतो.

यातून पथारीला लगेच वापरता येईल अशी खूण मिळते. शांत हातावर एकच जागा आग करू लागली तर ती जागा फुटलेली आहे असे समजावे, डोळ्याला भेग दिसो वा न दिसो. त्या बोटाला पट्टी आणि मोजा, त्याच दिवशी.

थांबणारी सगळी चॅनेल अशी नसतात

खान्देशात लाल विंचवाचा दंश ओळखीचा आहे, म्हणून ही तुलना इथे शोभेल. चेतातंतूतून संदेश धावतो तो सोडियम चॅनेलमुळे. ते उघडते आणि साधारण एका मिलिसेकंदात आतल्या बाजूच्या प्रथिनाच्या झाकणाने बंद होते. कॅल्शियम, एन्झाइम, चरबी यांतले काही लागत नाही, झाकण चॅनेलचेच अंग असते. विंचवाच्या विषातली काही प्रथिने नेमके हे झाकण बसणे लांबवतात. चॅनेल थांबायचे तेव्हा थांबत नाही, तंतू पुन्हा पुन्हा पेटतात, घाम फुटतो, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. मिरचीच्या प्रकरणात चॅनेल थांबल्याची तक्रार आहे, विंचवाच्या प्रकरणात न थांबल्याची. दुसरी जीवघेणी आहे. विंचू चावल्यावर घरगुती उपाय करत बसू नये, रुग्णालय गाठावे.

बोथट हात की बिघडलेला हात

पथारीवर आशाताईला किंवा मुकादमाला पाच मिनिटांत करता येईल अशी पाहणी आहे. बाईंना डोळे मिटायला सांगावे आणि कापसाचा बोळा बोटांवर हलकेच टेकवावा. कुठे टेकला ते त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटाने दाखवायचे. मग गार पाण्यात ठेवून पुसलेला स्टीलचा चमचा आणि तसाच साधा चमचा आळीपाळीने टेकवून कोणता गार ते विचारावे. स्पर्श आणि गारवा यांची चॅनेल वेगळी असतात, स्पर्शाचे तंतू तर जाड आणि निराळे. स्पर्श शाबूत, गारवा शाबूत, फक्त तिखट आणि भाजणे बोथट, तर हे टीआरपीव्ही-१ चे थांबणे आहे आणि ते उलटेल.

कापूस किंवा गारवा कळला नाही तर हे मिरचीचे प्रकरण नाही. मधुमेहाची नस, दबलेली नस किंवा कुष्ठरोगाचा चट्टा असू शकतो, आणि ‘मिरचीने बधिर झाले’ या समजुतीखाली असा चट्टा महिनोन्‌महिने झाकला जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. कुष्ठरोगाची औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि लवकर सुरू केली तर हात वाचतो.

बोथटपणा किती खोल गेला याची आणखी एक खूण आहे, पण ती आपणहून पाहायला जाऊ नये, स्वयंपाकात आपोआप दिसते. मोहरीचा झोंबरेपणा टीआरपीए-१ या दुसऱ्या चॅनेलवर काम करतो, आणि हे चॅनेल बहुतेक त्याच तंतूंच्या टोकांवर असते ज्यांवर टीआरपीव्ही-१ असते. मिरची बोथट आणि मोहरी वाटताना हात झोंबतो, तर फक्त चॅनेल थांबले आहे. दोन्ही बोथट असतील तर पूर्ण टोक सुस्तावले आहे, आणि अशा हाताला तवा, उकळते पाणी, चुलीतला निखारा यांची खबर आणखी उशिरा मिळेल. टीआरपीव्ही-१ थांबले तरी उष्णतेची जाणीव पूर्ण जात नाही, कारण उष्णतेसाठी टीआरपीए-१ आणि टीआरपीएम-३ हीसुद्धा कामाला असतात. पण हात झटकन मागे ओढण्यातला जो क्षण महत्त्वाचा, तो निसटतो. बाईंच्या अंगठ्यावरचा फोड त्या क्षणाचा आहे, त्यात घट्ट्याचाही वाटा असेल.

काय करावे, कोणत्या क्रमाने

हात धुण्याचा क्रम उलटा केला तर फायदा होत नाही. आधी कोरड्या फडक्याने पूड पुसावी. मग दोन चमचे गोडेतेल दोन्ही हातांवर, बेचक्यांत आणि नखांच्या कडेला दोन मिनिटे चोळावे, कारण द्रव्य तेलात उतरते, पाण्यात नाही. तेल दुसऱ्या फडक्याने पुसून घ्यावे, आणि ते फडके मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नये. त्यानंतर साबण आणि गार पाणी, दोनदा. पाणी कोमट नको, निदान पहिला तासभर. नुसत्या पाण्याने आधी धुतले तर द्रव्य फक्त पसरते, आणि बोटांवरून मनगटावर येते.

लिंबू चोळण्याची पद्धत काही घरांत आहे. आम्ल हेच या चॅनेलचे एक निमित्त आहे, आणि फुटलेल्या कातडीवर तर नक्कीच टाळावे. तोंड भाजले असेल तर दूध किंवा दही चांगले, त्यातले केसीन हे प्रथिन द्रव्याला धरून नेते. डोळ्यात गेले तर दूध नको, तेल तर मुळीच नको. स्वच्छ पाण्याची संथ धार निदान पंधरा मिनिटे, आणि तरी डोळा उघडत नसेल तर दवाखाना.

मोजे नायट्राइलचे, म्हणजे एका कृत्रिम रबराचे, घ्यावेत. पातळ लॅटेक्समधून कॅप्सायसिन पुरेसे अडत नाही, आणि ८ टक्के पट्टी लावणाऱ्या परिचारिकांनाही याच कारणाने नायट्राइल मोजे सांगितलेले असतात. मोजा फाटला तर लगेच बदलावा. आत तिखट गेलेला मोजा उघड्या हातापेक्षा वाईट, कारण आत ऊब आणि घाम असतो. बसताना वारा पाठीशी घ्यावा. नाक गळणे थांबले म्हणजे पूड आत जाणे थांबले असा अर्थ होत नाही. दमा असलेल्या बाईला छातीत शिट्टी वाजू लागली तर ढिगापासून उठवून दूर न्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे, शिंका आता येत नाहीत हा निकष धरू नये.

अंगावर पाजणाऱ्या आईने आणि लहान मूल असलेल्या बाईने हात शांत असला तरी धुण्याचा पूर्ण क्रम पाळायचा. तिच्या कातडीची चॅनेल थांबलेली असतात, बाळाच्या गालाची नाहीत. पथारीवरून परतणाऱ्या बायांना आपला हात स्वच्छ झाला असे जे वाटते ते त्यांच्या स्वतःच्या बोटांनी दिलेले उत्तर असते, आणि त्या बोटांचे उत्तर याबाबतीत ग्राह्य धरता येत नाही. दुसऱ्या कोणाची पातळ कातडी हा खरा मापदंड ठरतो, पण तो बाळाचा गाल असायला नको.

गुडघेदुखीसाठी मिरचीचे मलम, ०.०२५ किंवा ०.०७५ टक्क्यांचे, डॉक्टरांनी दिलेले असेल, तर हेच गणित उलट्या बाजूने लागू पडते. ते दिवसातून तीन-चार वेळा, नियमाने, काही आठवडे लावायचे असते. पहिल्या आठवड्यात आग होते म्हणून बरेच जण सोडतात. काही जण दुखले की एकदाच लावतात. दोघांच्याही वाट्याला आग येते आणि बोथटपणा येत नाही, कारण मधल्या दिवसांत साठा भरून येतो.

मुकादमासाठी हिशेब सोपा आहे. आठ-दहा दिवस किंवा त्याहून जास्त सुट्टी घेऊन आलेली बाई, मग ती होळीची असो की घरच्या लग्नाची, पहिल्या दिवसाची बाई समजावी. तिला पहिले तीन-चार दिवस मोजे, मध्यम तिखटाचा ढीग, आणि जास्त तिखट वाण नंतर. हातावर साल निघालेली कोणतीही बाई त्या दिवशी देठ खुडायला नाही, वजनाला किंवा पोती शिवायला. प्रकरणातल्या बाई होळीहून परतल्यावर त्यांना सरळ जुन्याच ढिगावर बसवले गेले होते, तिसऱ्या आठवड्यातला शांत हात मुकादमाच्या लक्षात होता म्हणून. त्या संध्याकाळी बादली पुन्हा भरावी लागली.